संत्र्याच्या शेडमधली दहा मीटरची रेंज : पाचपैकी चार तारे

मोर्शी-वरुडच्या पट्ट्यात कोणाला नेमबाजी शिकायची असली की लोक सरळ अमरावती नाहीतर नागपूरचं नाव सांगतात. पोरीला घेऊन आठवड्यातून तीनदा तिकडे जाणं शेतकऱ्याच्या घराला झेपत नाही. म्हणून आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर संत्र्याच्या जुन्या ग्रेडिंग शेडमध्ये जी रेंज सुरू झाली आहे, तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. माझी मुलगी नववीत आहे, ती तिथे एअर पिस्तूल शिकते. तिची बॅच सुटायची वाट पाहत बसण्यापेक्षा मीही नाव टाकलं.

शेड साधं आहे. पाच लेन, टार्गेट दोरी-कप्पीने पुढेमागे होतं. पण मापात हयगय नाही. १० मीटरची रेघ टेपने मोजून रंगवलेली, टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर, छर्रे अडवायला मागे जाड लोखंडी पेट्या. कार्डावरचा दहा गुणांचा मधला गोल फक्त ११.५ मिलिमीटरचा, शर्टाच्या बटणाएवढा. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे साबणाने हात धुतल्याशिवाय सर कोणालाच जेवणाचा डबा उघडू देत नाहीत. पिस्तूल भरलेलं असो की रिकामं, नळी टार्गेटकडेच. हा नियम मोडणाऱ्याला त्या दिवशी घरी पाठवतात, मग तो कोणाचाही मुलगा असो.

सर म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांची शिकवण्याची रीत हेच या रेंजचं खरं भांडवल. सुरुवातीला ते छर्रा हातात देतच नाहीत. पांढऱ्या भिंतीसमोर उभं करतात आणि रिकाम्या पिस्तुलाने ड्राय फायर करायला लावतात. समोर टार्गेटच नाही, त्यामुळे नजर आपोआप फोरसाइटवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुणेवर येते आणि ट्रिगर सुटताना ती किती उडाली ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. ‘पैसे भरले अन् पोट्टी भितीकडेच पाहत राह्यली, काहून बाप्पा?’ असं एक पालक माझ्यासमोर म्हणाले. मला विचाराल तर हीच या रेंजची सगळ्यात मोलाची गोष्ट आहे.

का, ते सरांनी फळ्यावर मांडून दाखवलं. पिस्तुलाच्या बॅकसाइटपासून, म्हणजे डोळ्याकडच्या खाचेपासून, फोरसाइटपर्यंत साधारण ३३ सेंटिमीटर अंतर असतं. सगळा हात जसाच्या तसा एक मिलिमीटर सरकला, तर छर्राही एकच मिलिमीटर सरकतो. पण मनगट वळलं आणि फोरसाइट बॅकसाइटच्या खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली, तर १० मीटरवर छर्रा ३० मिलिमीटर भरकटतो. दहाचा थेट सात होतो. डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरचं स्पष्ट दिसतं, म्हणून फोरसाइट लख्ख हवी आणि काळा गोल धूसर असला तरी चालेल. नवीन मुलं बरोब्बर उलटं करतात, गोलाकडे टक लावतात. हे एकदा समजल्यावर माझ्या मुलीचे विखुरलेले छर्रे एका जागी यायला लागले. ग्रुप, म्हणजे छर्ऱ्यांचा झुबका, आधी लहान करायचा, तो मधोमध आणण्याचं काम साइटच्या स्क्रूचं, हे सर पहिल्या दिवसापासून सांगतात.

ट्रिगरचंही तसंच. स्पर्धेत एअर पिस्तुलाचा ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅम वजन पेलणारा लागतो, त्याहून हलका चालत नाही. सरांनी किराणा दुकानातलं अर्ध्या किलोचं वजन तारेने अडकवून रेंजवरचं प्रत्येक पिस्तूल तपासलेलं आहे. ‘ताई, घाई कायची हाये? हात खाली येऊन थांबला, श्वास थांबला, मंग बोट आपोआप दाबू द्या,’ हे त्यांचं नेहमीचं.

मोठी पोरं मोबाइलवर प्रॅक्टिकल शूटिंगचे व्हिडिओ पाहून येतात. त्यात धावत, वळत वेगवेगळ्या टार्गेटवर नेम धरायचा असतो आणि मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. सरांनी त्यांना धुडकावलं नाही. मधल्या भागाला ५ गुण आणि कडेला १, म्हणजे नुसत्या वेगाने काही हाती लागत नाही, हे त्यांच्याकडूनच हिशेब करवून पटवलं. टायमरची सवय मात्र सरांनी त्या व्हिडिओंतूनच उचलली आहे. मोबाइल बीप करतो, ४५ अंशांवरचा हात ३ सेकंदांत वर आणून रिकामा ट्रिगर सोडायचा, मग ७ सेकंद हात खाली. महिलांच्या २५ मीटर पिस्तूलच्या रॅपिड फेरीची हीच वेळ. याच प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या एशियन गेम्समध्ये सुवर्ण जिंकलं. १० मीटरला एवढी घाई लागत नाही, पण माझी मुलगी नेम धरून फार वेळ थांबायची, डोळा थकायचा, हात थरथरायचा. या सरावाने ते गेलं. आता घरी मी ड्राय करताना तीच मागून सांगते, ‘हात नको हालवू व आई.’

लायसनबद्दल गावात बरेच जण विचारतात. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असलेल्या एअर पिस्तुलाला लायसन लागत नाही. तरी घरी ते कुलपात ठेवा आणि ड्राय करताना छर्ऱ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत असू द्या.

एक तारा का कापला, तेही सांगते. सराव सगळा कागदी टार्गेटवर होतो. कार्ड ओढून आणेपर्यंत हाताला विश्रांती मिळते, मन शांत होतं. मोठ्या स्पर्धांत इलेक्ट्रॉनिक टार्गेट असतात, ६० शॉटला ७५ मिनिटं मिळतात आणि प्रत्येक शॉटचा आकडा लगेच स्क्रीनवर उमटतो. मुलं त्या आकड्यामागे धावतात आणि बिघडतात. एक तरी लेन तशी व्हायला हवी, आणि ते होईपर्यंत निदान कार्ड न ओढता दहा-दहा शॉट घ्यायला लावावेत. दुसरं, पत्र्याचं शेड असल्याने मे महिन्यात दुपारी आत उभंही राहवत नाही. घामाने मूठ घसरते आणि कूलरच्या वाऱ्याने कार्ड हलतं. तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. बायका-मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही. मुलींची संख्या वाढतेय, त्यामुळे हे आधी करा, लेन नंतर वाढवा.

फी महिन्याला ८०० रुपये, छर्रे वेगळे. पिस्तूल रेंजचंच मिळतं, पहिल्या वर्षी स्वतःचं घेऊ नका. सकाळी सहाची बॅच घ्या, संध्याकाळी पोलीस भरतीच्या पोरांची गर्दी असते आणि लाइटचाही भरवसा नाही. पैसे भरण्याआधी एक दिवस नुसतं बसून पाहायला सर हरकत घेत नाहीत. मुलाला सोबत न्या, त्याचा कोणता डोळा जोरदार आहे ते सर तिथेच तपासून सांगतात, पिस्तूल कोणत्या हातात द्यायचं हे ठरवताना ते उपयोगी पडतं.