लेकीला मिशनच्या शाळेत घातलं, त्याला दहा महिने झाले

जूनच्या शेवटी लेकीला पाचवीत मिशनच्या शाळेत घातलं. आता एप्रिल आलाय, नागपूरचं ऊन डोक्यावर आहे, शाळा सकाळची झालीये. शाळेचं नाव देत नाही. तक्रारी आहेत, आणि अजून पाच वर्षं तिथंच काढायची आहेत.

घरात पहिला प्रश्न माझ्या आईचा. "पोरीले रोज येशूची प्रार्थना म्हणाले लावतीन न?" आमचं घर बौद्ध. १४ ऑक्टोबर १९५६ ला आई तिच्या आईच्या कडेवर बसून दीक्षेच्या सोहळ्याला गेली होती, त्यामुळे हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नव्हता. मी म्हटलं, नागपूरला मिशनचं शिक्षण नवं नाही. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथं आले, शाळा काढली, रानोमाळ फिरून जीवाश्म गोळा केले आणि १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ओढ्यात बुडाले. त्यांच्या नावाच्या कॉलेजात मी शिकलो, माझा धर्म बदलला का? आई म्हणाली, "तू शिकलाच कुठी तिथं!"

प्रवेशाच्या वेळी सिस्टरना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, प्रार्थनेला उभं राहायचं, म्हणायची की नाही ते तुम्ही ठरवा. घटनेचं कलम २८ मी पाठ करून गेलो होतो: सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. ते खिशातच राहिलं. कॅथलिक मुलं कॅटेकिझमच्या, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला जातात, बाकीची मॉरल सायन्सला. लेक म्हणते ते पुस्तक बोअर आहे. मी चाळलं. आहेच.

शाळा खरी कशी आहे ते ऑगस्टमध्ये कळलं. मधल्या सुट्टीत लेकीच्या हातून वर्गातला पृथ्वीगोल पडला आणि तडकला. कोणी पाहिलं नव्हतं. तिनं तडा भिंतीकडे फिरवून तो जागेवर ठेवला आणि रात्री जेवली नाही. "काहून रडून राहिली व?" आजीनं विचारलं, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "चवथं शील कोणतं?" खोटं न बोलण्याचं. दुसऱ्या दिवशी लेकीनं टीचरना सांगितलं. टीचर ओरडल्या नाहीत, दंड नाही. गोल घरी न्या, वडिलांबरोबर जोडून आणा, एवढंच. संध्याकाळी मला फोन: "ती स्वतःहून बोलली, घरी रागावू नका." आफ्रिकेवरून फेविक्विकची जाड रेघ गेलेला तो गोल आजही त्या वर्गात आहे. माझ्या शाळेत असं घडलं असतं, तर डस्टर माझ्या बोटांवर आपटला असता आणि मी जन्मात कबूल झालो नसतो.

आई श्रेय पंचशीलाला देते. देऊ दे. पण कबुली देणं परवडेल अशी जागा शाळेनं ठेवली होती, हे मला मोठं वाटतं.

कारण याच शाळेत दुसरी गोष्टही चालते. आवारात मराठी बोललं की पाच रुपये दंड आणि दिवसभर गळ्यात पाटी. 'अगं, पाणी दे ना' एवढ्यावर लेक पकडली गेली. महिन्याभरात ती सराईतपणे म्हणायला शिकली, "मी नाही बोलली, ती बोलली." गोलाचं खरं सांगणारी हीच मुलगी. पीटीएममध्ये, म्हणजे पालक-शिक्षक सभेत, मी हे उदाहरण देऊन भांडलो. पाटी बंद झाली, दंड चालू आहे.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत मुलं आवडीची एक गोष्ट सोडतात आणि वाचलेले पैसे दानाच्या डब्यात टाकतात. लेकीनं रविवारचे तर्री-पोहे सोडले. कोणी सांगितलं नव्हतं, आणि समोर आम्ही खात होतो, तरी. एवढं सुंदर चालू असताना कुठल्या वर्गाचा डबा जास्त भरला, ते फळ्यावर लिहायला लागले! या हाताचं त्या हाताला कळू नये, हे येशूनंच सांगितलंय ना?

शाळेतल्या मावशींना आणि गेटवरच्या काकांना मुलं नावानं 'गुड मॉर्निंग' म्हणतात. स्नेहसंमेलनात त्यांच्या खुर्च्या पहिल्या रांगेत होत्या. लेक आता आमच्या कचरागाडीवाल्या दादालाही हाक मारते, तो लाजतो. मात्र त्या मावशींची मुलं या शाळेत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांना आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, गरीब-वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के जागा लागू नाहीत. कायद्यानं सक्ती नाही, हे मान्य. स्वतःहून दोन-चार जागा ठेवायला कोण अडवतं, हे विचारलं तेव्हा सिस्टर गप्प झाल्या, आणि मग म्हणाल्या, "मलाही वाटतं." टोलवाटोलवी केली नाही, म्हणून माझा राग थोडा उतरला.

फी खिशाला लागते, व्हॅनचे पैसे वेगळे. अभ्यास ठीक, गणित कच्चं, शिकवणी लावावी लागली.

सहावीची फी भरली आहे. दंडाचा विषय जूनमधल्या पहिल्या पीटीएमला पुन्हा काढणार. तिच्या डायरीत तसं लिहून दिलंय, मराठीतच.