लहान उद्योगांच्या मालकांसाठीचे नेतृत्व प्रशिक्षण: माझा अनुभव

माझ्याकडे ९ जण काम करतात आणि वर्षभरात ३ अनुभवी माणसे सोडून गेली. पगार वाढवूनही गळती थांबेना, तेव्हा मी एका संस्थेचे ४ सत्रांचे नेतृत्व प्रशिक्षण घेतले.

पहिल्या सत्रात प्रशिक्षिकेने मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि सहकाऱ्यांचा १९३९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगितला. मुलांच्या गटांना हुकूम सोडणारा, विचारविनिमय करणारा आणि सारे मोकळे सोडणारा असे निरनिराळे प्रमुख दिले होते. हुकूम सोडणारा खोलीबाहेर गेला की काम मंदावे. विचारविनिमय करणाऱ्याच्या गटात मात्र ते बहुतांशी तसेच चालू राही. मी बँकेत गेलो की माझ्या मागे काय होत असेल, हे मला तेव्हाच उमगले.

खरे मोल दुसऱ्या टप्प्याचे आहे. प्रशिक्षिका एक पूर्ण दिवस आमच्या कामाच्या जागी कोपऱ्यात बसून होत्या. संध्याकाळी त्यांनी वही पुढे केली: मी दिवसभरात ११ वेळा चुका दाखवल्या होत्या, त्यांतल्या ७ इतरांदेखत, आणि शाबासकीच्या रकान्यात काहीच नव्हते. मोठ्या कंपनीत साहेबाशी पटले नाही तर विभाग बदलून मागता येतो. आमच्यासारख्या ठिकाणी मालकापासून सुटायचे तर नोकरीच सोडावी लागते, हे त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटले.

त्यानंतर, राजीनामा येण्याची वाट न पाहता प्रत्येकाशी एकट्याने बोलण्याची पद्धत त्यांनी शिकवली. एका जुन्या सहकाऱ्याने सांगितले की रजा मंजूर झाली की नाही हे त्याला आदल्या रात्रीपर्यंत कळत नसे, त्यामुळे घरच्यांना कोणताही शब्द देता येत नसे. पगाराच्या बोलण्यात ही गोष्ट कधीच निघाली नव्हती. आता रजांचा तक्ता भिंतीवर महिनाभर आधी लागतो.

उणिवाही आहेत. जबाबदारी सोपवण्यावरचे शेवटचे सत्र घाईत उरकले, आणि दिलेल्या नमुना अर्जांत ‘विभागप्रमुखांची सही’ असा रकाना होता, जो आमच्या कामाचा नाही. ३ महिन्यांनंतरच्या पाठपुराव्यासाठी मलाच दोनदा फोन करावा लागला. शिवाय पगारच बाजारभावापेक्षा कमी असेल तर चांगल्या वागणुकीनेही माणसे फार काळ थांबत नाहीत, हा मुद्दा त्यांनी ओझरताच घेतला.

त्यानंतरच्या ८ महिन्यांत एकच जण गेला, तोही पुढील शिक्षणासाठी. निरीक्षणाचा दिवस वगळलेला स्वस्त पर्यायही संस्था देते. तो मात्र घेऊ नये.