मस्टँग जीटीवर सुपरचार्जर: काम चोख, वेळेचे भान कमी

माझ्या 2016 च्या फोर्ड मस्टँग जीटी गाडीवर सुपरचार्जर (इंजिनच्याच ताकदीवर फिरून त्यात दाबाने जास्त हवा भरणारा पंप) बसवण्याचे काम या वर्कशॉपने केले. कामाचा दर्जा उत्तम आणि दिलेल्या तारखा पाळण्याची सवय यथातथाच, असा माझा थोडक्यात अभिप्राय आहे. ज्यांना आपल्या मसल कारवर असेच काम करून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी तपशील पुढे देत आहे.

या गाडीत 5.0 लिटरचे कोयोटी व्ही 8 इंजिन आहे. ते कारखान्यातूनच 435 हॉर्सपॉवर देते आणि त्याचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, 11 ला 1 आहे. टर्बो किंवा सुपरचार्जर धरून न बनवलेल्या इंजिनात एवढ्या कॉम्प्रेशनवर वरून दाबाने हवा भरायची, तर चुकीला जागा फार थोडी उरते. बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला 14.7 पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) असतो. त्यावर 8 पीएसआय बूस्ट, म्हणजे जादा दाब, चढवला की इंजिनात जवळजवळ दीडपट हवा जाते, आणि त्या प्रमाणात पेट्रोल पोहोचले नाही किंवा ठिणगी थोडी आधी पडली, तर नॉकिंग (मिश्रण अनियंत्रित पेटणे) सुरू होऊन पिस्टन फुटायला वेळ लागत नाही. त्यामुळे किट कोणते घ्यायचे यापेक्षा ते कोणाच्या हाती सोपवायचे, याचीच मला अधिक काळजी होती.

वर्कशॉप शोधताना वेगवेगळे अनुभव आले. एका ठिकाणी गाडी किती चालली आहे, त्यात आधी काय बदल केले आहेत, यांपैकी काहीही न विचारता फोनवरच हॉर्सपॉवरचा मोठा आकडा सांगण्यात आला. दुसऱ्या ठिकाणी बसवण्याचे काम नीटनेटके होते, पण ट्यूनिंग (इंजिनच्या संगणकात पेट्रोल आणि ठिणगीचे गणित बसवणे) दूरवरच्या माणसाकडून ईमेलवर करून घ्यावे लागणार होते. ही पद्धत सर्रास वापरली जाते आणि ती वाईट आहे असेही नाही. मात्र काही बिघडले तर मेकॅनिक ट्यूनरकडे बोट दाखवणार आणि ट्यूनर मेकॅनिककडे, हे उघड दिसत होते. या वर्कशॉपमध्ये स्वतःचा डायनो (चाकांवरची ताकद मोजणारे यंत्र) आहे आणि ट्यूनर तिथेच बसतात. माझ्या निवडीचे मुख्य कारण तेच.

पहिल्या भेटीत मालकांनी हॉर्सपॉवरचा विषयच काढला नाही. तुम्ही कोणत्या ऑक्टेनचे पेट्रोल भरता, गाडी रोज चालवता की फक्त सुट्टीच्या दिवशी, ड्रॅग स्ट्रिपवर नेणार का, क्लच मूळचा आहे का, हे त्यांनी आधी विचारले. मग त्यांनी सुपरचार्जरचे प्रकार समजावले. पुलीने इंजिनच्या फेऱ्यांबरोबर (आरपीएम) बूस्ट वाढवत नेणारा सेंट्रीफ्यूगल प्रकार इंजिनच्या पुढच्या बाजूला बसतो आणि त्याची खरी ताकद वरच्या फेऱ्यांत कळते. उलट रूट्स प्रकारचा सुपरचार्जर इनटेक मॅनिफोल्डच्या जागी, दोन्ही हेडच्या मधल्या खोलगट भागात बसतो आणि दर फेरीला ठरावीक हवा ढकलत असल्यामुळे खालच्या फेऱ्यांपासूनच टॉर्क देतो. माझे बहुतेक चालवणे रस्त्यावरचे असल्यामुळे त्यांनी ईटनचे चार पाकळ्यांचे पिळदार टीव्हीएस रोटर असलेले 2.3 लिटरचे किट सुचवले. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक नसलेले किट रस्त्यावरच्या गाडीत कायदेशीर ठरत नाही, हेही त्यांनी न विचारता सांगितले, आणि तो क्रमांक असलेला स्टिकर पुढे बोनेटखाली चिकटवूनही दिला.

काम हाती घेण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक सिलिंडरमध्ये दाबाने हवा सोडून किती निसटते ते तपासले आणि गाडी मूळ अवस्थेतच डायनोवर चढवून चाकांवरची ताकद नोंदवून ठेवली. या दोन्ही गोष्टींना वेळ लागतो, म्हणून अनेक जण त्या टाळतात. पण आधीचा आकडा हाती नसेल तर नंतरच्या आकड्याला काय अर्थ राहतो? ऑइल पंपाचा मुद्दाही त्यांनी इंजिन उघडण्याआधीच काढला. या इंजिनात पंपाचे गिअर पावडर मेटलचे (धातूची पूड दाबून बनवलेले) असतात आणि बूस्ट चढवलेले इंजिन वरच्या फेऱ्यांत लिमिटरवर (फेऱ्यांच्या कमाल मर्यादेवर) आदळत राहिले तर ते तडकल्याची उदाहरणे आहेत. बिलेट (अखंड धातूच्या ठोकळ्यातून कापलेले) गिअर बसवायचे तर पुढचे कव्हर काढावे लागते आणि मजुरी बरीच वाढते. दोन्ही बाजू समजावून सांगून त्यांनी निर्णय माझ्यावर सोपवला आणि मी गिअर बदलून घेतले.

बसवण्याचे काम पाहू द्यायला त्यांची हरकत नव्हती, ही मला मोठी गोष्ट वाटते. मॅनिफोल्ड उचलल्याबरोबर मेकॅनिकने आठही पोर्ट टेपने बंद केले, मगच हेडची बैठक पुसायला घेतली. एखादा नट किंवा कापडाचा धागा आत पडला तर पुढे काय होईल, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नव्हते. सुपरचार्जर खाली बसवल्यावर बोल्ट मधूनच सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने आवळले गेले. पुल्या एका रेषेत आहेत का हे त्यांनी सरळ पट्टी लावून पाहिले आणि बेल्ट चढवल्यावर इंजिन थोडा वेळ चालवून पुन्हा पाहिले. दाबाने तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाण्यात हवेचा बुडबुडा अडकून राहू नये म्हणून ती लाइन व्हॅक्यूमने भरली. स्पार्क प्लग एक पायरी थंड प्रतीचे घातले आणि त्यांचा गॅप कमी केला, कारण दाट हवेत मोठ्या गॅपवर ठिणगी विझू शकते.

ट्यूनिंगच्या दिवशी मी शेजारीच बसलो होतो. पूर्ण थ्रॉटलला मिश्रण एका भाग पेट्रोलला 11.5 ते 12 भाग हवा असे ठेवून ट्यूनर डायनोवर एकेक चाचणी घेत होते आणि प्रत्येक चाचणीनंतर हॉर्सपॉवरच्या आकड्याकडे न पाहता आधी लॉग (सेन्सरच्या नोंदी) उघडत होते. वरच्या फेऱ्यांत एका सिलिंडरवर नॉक सेन्सर टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे खेचत असल्याचे त्यात दिसले. त्यांनी टायमिंग उतरवले, पुन्हा चाचणी घेतली आणि आधीपेक्षा थोडा कमी आलेला आकडा तसाच कायम ठेवला. “उन्हाळ्यात हीच गाडी अधिक तापलेली हवा ओढणार आहे, तेव्हा थोडी जागा ठेवलेली बरी,” एवढेच ते म्हणाले. चाकांवर शेवटी सुमारे 570 हॉर्सपॉवर मिळाली. याहून मोठे आकडे लोक सांगतात; पण प्रत्येक डायनोचे मोजमाप वेगळे येते, त्यामुळे एकाच डायनोवर आधी आणि नंतर किती, एवढाच फरक पाहावा.

तक्रारी आहेत, त्याही नोंदवतो. गाडी ठरलेल्या तारखेला मिळाली नाही. एक सुटा भाग यायला उशीर झाला हे समजण्यासारखे आहे, पण ते मला प्रत्येक वेळी मीच फोन केल्यावर कळले. रेडिएटरच्या पुढे हीट एक्स्चेंजर बसवताना खालचे प्लास्टिकचे आवरण वेडेवाकडे कापले होते आणि हायवेवर ते खडखडत होते. परत नेल्यावर त्यांनी वाद न घालता नवीन आवरण लावले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. बिलात मात्र प्रत्येक भाग, द्रव आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेली होती. आधी न सांगितलेली एकही रक्कम त्यात नव्हती.

गाडी हाती देताना त्यांनी बेल्टचा ताण आणि इंटरकूलरच्या पाण्याची पातळी काही दिवसांनी तपासून घ्यायला बोलावले होते. पातळी खरोखरच किंचित उतरली होती आणि ती तिथेच भरून दिली गेली. थंड इंजिनवर सुरुवातीला गाडी अडखळत नाही, सिग्नलवर मूळच्या गाडीइतकीच शांत उभी राहते, आणि पेडल दाबल्यावरच सुपरचार्जरची शीळ ऐकू येते. मूळचा क्लच या टॉर्कपुढे फार टिकणार नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते. आता चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला की तो घसरू लागला आहे. ते कामही मी यांनाच देणार आहे, फक्त या वेळी तारीख लेखी घेऊन.