चाकाने आकार बदलावा की अंगाने? धोक्याच्या प्लांटमधल्या रोबोची निवड

स्टोरेज टँकचा तळ, फ्लू गॅसचा म्हणजे धुराचा डक्ट, पाइप रॅकखालची अडचण, अशा ठिकाणी माणूस उतरवण्याऐवजी चाकांचा रोबो पाठवायचा आणि त्याला गरजेप्रमाणे आकार बदलता आला पाहिजे, इथपर्यंत तुमचं ठरलं आहे असं धरून चालतो. चार पायांचा का नको, ड्रोन का नको, हे वाद तुमच्याकडे झालेच असतील. झोन, गॅस ग्रुप, टी-४ ही स्फोटक वातावरणाच्या वर्गवारीची बाराखडीही तुम्हाला येते. मग पेच उरतो तो एकच. आकार बदलायचं काम कुणाच्या गळ्यात घालायचं, चाकाच्या की चेसिसच्या, म्हणजे रोबोच्या अंगाच्या?

आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमध्ये दोन्ही जातीचे नमुने बनले आणि दोन्ही खऱ्या जागेवर फिरले. मोजमापांचे तक्ते माझ्याकडून मिळणार नाहीत. हे मत सोडून-जोडून, धुऊन-पुसून बनलेलं आहे. तुमची जागा निराळी असेल तर मतही निराळं होऊ शकतं.

आधी चाक घेऊ, कारण मन पहिल्यांदा तिकडेच धावतं. सपाटीवर गोल चाक, पायरी आली की त्याच्या पाकळ्या उघडतात आणि त्याचे पाय होतात. यात दोन घराणी आहेत. पहिल्यात उघडण्यासाठी वेगळी मोटर नसतेच. सोल नॅशनल युनिव्हर्सिटीचं 'व्हील ट्रान्सफॉर्मर' २०१४ साली प्रसिद्ध झालं, ते या घराण्यातलं सगळ्यात देखणं काम. अडथळ्याला टेकलेली एक पाकळी घर्षणाने तिथेच धरली जाते, चाक फिरतच राहतं आणि त्या फरकाने बाकीच्या पाकळ्या बाहेर येतात. त्रिज्येच्या ३.२५ पट उंचीचा अडथळा त्यांनी पार करून दाखवला. साधं चाक स्वतःच्या त्रिज्येएवढी पायरी चढतानाच घाम गाळतं, हे ध्यानात घेतलं तर हा आकडा किती मोठा आहे ते कळतं. शिवाय हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, वायर नाही, म्हणजे फ्लेमप्रूफवाल्यांची (आतला स्फोट आतच अडवणाऱ्या डब्यांची) कटकट तेवढी कमी.

पण घर्षणावर बेतलेली गोष्ट तेलकट फरशीवर कशी वागणार? आमच्या नमुन्यात ती पाकळी अडथळ्याला टेकायची आणि सरळ घसरायची. उलट कोरड्या प्लेटवर वेल्डचा जरा उंच बीड, म्हणजे जोडाचा उंचवटा, आला की, कुणी बोलावलेलं नसताना, चाक फुलायचं.

दुसरं घराणं हुकमी उघडणाऱ्यांचं. नॅशनल तैवान युनिव्हर्सिटीच्या क्वाट्रोपेडमध्ये चाकाचं पूर्ण वर्तुळ दुमडून अर्धवर्तुळाचा पाय होतो, तोही सांगाल तेव्हा. इथे हबमध्ये मोटर बसवायचा मोह आवरा. फिरत्या हबमध्ये वीज न्यायची तर स्लिप रिंग (फिरत्या भागाला वीज देणारी कडी) आली, तिला फ्लेमप्रूफ डबा आला आणि सगळं वजन चाकात जाऊन बसलं. त्यापेक्षा एकात एक असे दोन शाफ्ट घ्यावेत. दोन्ही मोटरी चेसिसमध्ये ठेवायच्या, दोन्ही शाफ्ट एका गतीने फिरले तर चाक गोल, एकाला थोडं पुढे नेलं की पाकळ्या बाहेर. ही रचना मला मनापासून आवडते. निवड कागदावर करायची असती तर मी इथेच थांबलो असतो.

आता दुसरी बाजू. इथे चाक आयुष्यभर गोलच राहतं. चार कोपऱ्यांवर चार हात, प्रत्येक हात खांद्यापाशी गोल फिरतो आणि त्याच्या टोकाला साधं, भरीव, वीजवाहक रबराचं चाक. हात पुढे-मागे पसरले की रोबो लांब आणि बुटका, खाली वळवले की उंच, पुढचे दोन उचलले की पायरीवर हात टेकून चढणारा. मॅनहोलमधून जाताना तो अंग चोरतो, आत गेल्यावर ऐसपैस बसतो. दिसायला यात काही जादू नाही. प्रदर्शनात ठेवलात तर लोक पाकळ्यांच्या चाकाभोवतीच गर्दी करतील.

अंग बदलण्याचे सरकते प्रकारही असतात. स्लाइडवर रुंद होणारं चेसिस किंवा टेलिस्कोपसारखं लांबणारं. ते मी लगेच बाजूला ठेवले. बाहेरचा स्फोटक वायू शिरू नये म्हणून आत नायट्रोजनचा दाब राखून संरक्षण घ्यायचं तर बाहेरच्यापेक्षा किमान ५० पास्कल जास्त दाब टिकवावा लागतो, म्हणजे पाण्याचा जेमतेम ५ मिलिमीटर स्तंभ. एवढा दाब गोल फिरणाऱ्या शाफ्टवर साधं ऑइल सील सांभाळतं. पण सरकणाऱ्या चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यांतून तो निसटत राहतो, शिवाय खोकं लांबलं की आतलं आकारमान बदलतं आणि दाब गचके खातो. फिरता सांधा घ्या, सरकता नको, एवढंच या प्रकाराबद्दल.

माझा तराजू झुकवला तो मात्र यातल्या कशानेच नाही. तो झुकवला चाक न मिटण्याने.

या चाकांचे सगळे व्हिडिओ आठवून बघा. कौतुक उघडण्याचं असतं. तपासणीच्या कामात उघडणं मोजक्या वेळा लागतं, मिटलेलं राहणं दिवसभर लागतं. क्रूडच्या (कच्च्या तेलाच्या) टँकमध्ये तळाशी मेणासारखा स्लज, म्हणजे गाळ, असतो. आत ऊब असेपर्यंत तो पातळ वाटतो, बिजागरीत शिरतो आणि गार झाला की तिथेच बसतो. मग पाकळी परत येते, पण पुरती येत नाही. करंगळीच्या नखाएवढी फट राहते. बाहेरून बघाल तर चाक गोलच दिसेल, पण चालवलंत की प्रत्येक फेऱ्याला एक 'ठक्'. त्या ठकीबरोबर कॅमेऱ्यातलं चित्र उडी मारतं आणि जाडी मोजणारा अल्ट्रासॉनिक प्रोब प्लेटपासून सुटतो. प्रोब सुटला की रीडिंग गेलं, पुन्हा मागे या, प्रोबला लागणारं पाणी पुन्हा सोडा, पुन्हा टेकवा. पावसात उघडलेली छत्री बसच्या दारात मिटत नाही, तेव्हा जी चिडचिड होते तीच इथे, फक्त बस टँकच्या आत आणि तुम्ही बाहेर.

बाहेर काढल्यावर दुसरा अंक सुरू. तीन पाकळ्यांचं एक चाक, पाकळीमागे दोन-तीन सांधे, अशी चार चाकं. आमचा फिटर नायलॉनचा ब्रश, बांबूची काडी आणि पाण्याची नळी घेऊन वॉशिंग बेवर बसायचा. वरवर धुऊन भागत नाही, कारण सल्फरवाल्या क्रूडच्या स्लजमध्ये आयर्न सल्फाइड असतं. ओलं आहे तोवर ठीक, वाळलं आणि हवा लागली की ते आपोआप तापतं, पेटूही शकतं. म्हणजे बिजागरीत अडकलेला तो चिमूटभर गाळ नुसता घाण म्हणून सोडून देता येत नाही. प्लांटच्या सेफ्टी ऑफिसरला हे पक्कं ठाऊक असतं, आणि चाकाची एकेक पाकळी स्वतः उघडून बघितल्याशिवाय तो परमिटवर सही करत नाही. त्याचं चुकतं असं मी कधीच म्हणणार नाही. साध्या चाकाला तो एक नजर टाकतो आणि पुढे जातो.

खांद्याचे सांधे चारच आणि तेही अंगाच्या भिंतीत, सीलच्या आत. वरून नळी मारली की झालं. कंटाळवाणं आहे, आणि मला तेच हवं होतं.

एवढं म्हणून पाकळीवाल्यांच्या बाजूचा मोठा मुद्दा दडवणं बरं नाही. उंची चढण्यात ते खरोखर सरस आहेत. त्याच मापाच्या चाकावर हातवाला रोबो निदान आमच्याकडे तरी मागे पडतो. जिना चढताना तो विचार करतो, हात टेकतो, अंग ओढतो. ऑपरेटरचा जीव टांगणीला. पाकळीचं चाक तेच अंतर धडधडत पार करतं. पण मग प्लांटमध्ये नक्की काय चढायचं असतं ते स्वतःला विचारा. टँकभोवतीची बंधाऱ्याची भिंत, डाईक वॉल, दोघांपैकी कुणीच चढत नाही, तिथे रॅम्प लावावाच लागतो किंवा उचलून पलीकडे ठेवावं लागतं. टँकच्या आत पायऱ्या नसतात. असतात ते पाइपचे सपोर्ट, ड्रेन सम्पचा खड्डा, वेल्डचे बीड. त्यासाठी त्रिज्येच्या तिप्पट उडी लागत नाही.

आणखी एक गोष्ट कमी बोलली जाते. चाक लोळतं, पाकळी आपटते. गंजलेल्या पोलादावर अॅल्युमिनियमचं टोक जोरात आपटलं तर थर्माइटच्या जातीची ठिणगी पडू शकते, म्हणून तर स्फोटक वातावरणातल्या उपकरणांत हलक्या धातूंच्या प्रमाणावर मर्यादा घातलेल्या आहेत. टोकांना रबराचे जोडे घाला म्हणाल, तर ते झिजतात, आणि रबर वीजवाहक नसेल तर स्थिर विजेचा प्रश्न. थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या नायलॉनच्या पाकळ्या नमुन्याला छान, झोन १ मध्ये नकोत. गोल चाकावर टायर एकच, त्याची वाहकता मल्टिमीटरने दारातच तपासून बघता येते.

मान्यतेच्या कागदांबद्दल थोडक्यात. आपल्याकडे पेट्रोलियम नियमांखाली येणाऱ्या धोक्याच्या जागेत विजेचं उपकरण न्यायचं तर पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची) मान्यता लागते, आणि त्यांचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. अंतर जवळ असल्याने कागद लवकर हलतो असं मात्र नाही. हलत्या यांत्रिक भागांसाठी आयएसओ ८००७९-३६ हे मानक वेगळं बघावं लागतं, आणि तिथे प्रत्येक सांधा म्हणजे घर्षण, उष्णता आणि ठिणगीचा एकेक प्रश्न. चार सांध्यांची उत्तरं लिहिणं आणि तीस सांध्यांची लिहिणं यात फरक आहे.

आकार बदलणाऱ्या यंत्रांचं बोलताना फुकुशिमाचं उदाहरण टाळता येत नाही. एप्रिल २०१५ मध्ये जपानमधल्या फुकुशिमा दाईइची अणुवीज केंद्राच्या पहिल्या युनिटमध्ये जो रोबो पाठवला, तो सुमारे १० सेंटिमीटर व्यासाच्या पाइपमधून सरळ काठीसारखा गेला आणि आत उतरल्यावर दुमडून इंग्रजी यू अक्षरासारखा झाला. आकार बदलण्याचं काम त्याने चोख केलं. पुढे दहाएक मीटर गेल्यावर तो ग्रेटिंगच्या, म्हणजे जाळीदार फरशीच्या, फटीत अडकला आणि केबल कापून त्याला तिथेच सोडावं लागलं. तो क्रॉलरवर (पट्ट्यांवर) चालणारा होता, चाकांवर नाही, त्यामुळे त्याच्यावरून माझ्या निवडीचा पुरावा काढणार नाही. पण ग्रेटिंगची फट हा तुमच्या रेखांकनातला पहिला आकडा असला पाहिजे, हे त्याने मला पटवलं. अरुंद पाकळी त्या फटीत जितक्या सहज जाते, तितकं रुंद गोल चाक जात नाही.

ट्रॅकवाले, म्हणजे पट्ट्यांवर चालणाऱ्या रोबोंचे लोक म्हणतील, मग आमच्याकडेच या. टोटल कंपनीने फ्रान्समध्ये भरवलेली तेल-वायू प्लांटसाठीची आर्गोस स्पर्धा २०१७ साली ऑस्ट्रियाच्या टाउरोब आणि डार्मश्टाटच्या तांत्रिक विद्यापीठाने जिंकली, ती ट्रॅकच्याच रोबोवर. चाकाचा क्षणात त्रिकोणी ट्रॅक होणारी अमेरिकेतली रचनाही बघितली असेल, ती लष्करी गाडीच्या मापाची आहे आणि तिच्यातले सांधे मोजायला बसू नका. साध्या ट्रॅकला माझा विरोध नाही. टँकच्या तळावर जागच्या जागी वळताना तो आतलं कोटिंग खरवडतो आणि मालकाला ते खपत नाही, इतकाच माझा त्याच्याशी वाद.

माझ्या आवडत्या हातवाल्याची खोड सांगायची राहिली. खांद्याला वर्म गिअर (वजनाने उलटा न फिरणारा गिअर) लावला तर हात वजनाखाली ढळत नाहीत, बॅटरी वाचते. पण वीज गेली की हात आहे त्याच जागी कायमचे ताठ. पसरलेल्या हातांचा रोबो २४ इंची मॅनहोलमधून ओढून निघत नाही, कितीही दोर ओढा. म्हणून वर्मच्या पुढे घसरता क्लच टाकावा लागतो, ओढ ठरावीक मर्यादेबाहेर गेली की हात निमूटपणे दुमडणारा. हा क्लच कुठे सोडावा याचा ताळमेळ जमवणं कटकटीचं आहे. जरा ढिला ठेवला तर रोबो पायरीवरच बसकण मारतो.

तुमची जागा कोरडी असेल, सिमेंटचा प्लांट, टर्बाइन हॉल, केबल गॅलरी, आणि जिने बरेच असतील, तर दोन शाफ्टांच्या पाकळीचं चाक बिनधास्त घ्या. मला त्या कामांचा अनुभव कमी आहे आणि तिथे माझी तक्रार लागू होत नाही. धूळ मात्र राखेसारखी बारीक असेल तर आधी विचार करा. गाळ, तेल, चिकट काही असेल तर माझं झुकतं माप हातवाल्याकडे. तरीही मन चाकाकडेच ओढ घेत असेल, तर ऑर्डर देण्याआधी एक करा. विक्रेत्याला स्वच्छ फरशीवरचा डेमो दाखवू देऊ नका. पाकळ्या उघड्या ठेवून ग्रीस आणि लोखंडाचा कीस कालवून सांध्यांत भरा, चाक रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी मिटवायला सांगा, आणि नंतर ते धुवायला त्याच्याच माणसाला बसवा.