ऑडिओ ड्रायव्हरच्या नावाखाली गेलेले ५८,१९८ रुपये

विंडोजच्या अपडेटनंतर माझ्या लॅपटॉपचा आवाज बंद पडला आणि तो सुरू करून देतो म्हणणाऱ्या माणसाने माझे ५८,१९८ रुपये लुबाडले. संगणकाचा दूरवरून ताबा घेऊन पैसे काढण्याचे हे प्रकार आता सर्वांना ऐकून माहीत आहेत, मलाही होते. पण त्या प्रकारांत अनोळखी माणूस आपणहून फोन करतो, घाबरवतो, घाई करतो. इथे बिघाड खरा होता, फोन मीच केला होता आणि पलीकडचा माणूस अतिशय अदबीने बोलत होता. सावध राहणारी माणसेही नेमकी इथे सापडतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकून त्या मराठीत टंकलिखित करून देणे हा माझा व्यवसाय आहे. आवाज गेला की माझे काम त्याच क्षणी थांबते. त्या संध्याकाळी एक काम पोहोचवायचे होते आणि स्पीकरच्या चिन्हावर लाल फुली दिसत होती. लॅपटॉपच्या कंपनीचे नाव आणि ‘ऑडिओ ड्रायव्हर’ (संगणकातला आवाजाचा भाग चालवणारी आज्ञावली) असे शोधल्यावर सर्वांत वर जो दुवा आला, त्यावर कंपनीचे बोधचिन्ह होते, मदतीचा क्रमांक होता आणि ती जाहिरात असल्याचा उल्लेख डोळ्यांना ताण दिल्याशिवाय दिसणार नाही इतक्या बारीक अक्षरांत होता. शोधयंत्रे अशा जाहिरातींचे पैसे घेतात आणि जबाबदारी मात्र वाचणाऱ्यावर टाकतात, याचा मला आजही संताप येतो. मदतीचा क्रमांक शोधयंत्रात कधीही शोधू नका. तो खोक्यावर, बिलावर किंवा कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून उघडलेल्या संकेतस्थळावर पाहा.

मी मात्र त्या जाहिरातीतल्या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या माणसाने दूरवरून ताबा देणारे एक ॲप घ्यायला लावले आणि पडद्यावरचा बाण त्याच्या हातात गेला. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या, म्हणजे विंडोज स्वतःच ठेवत असलेल्या नोंदींमधल्या, लाल खुणांची रांग दाखवून ‘हे सगळे व्हायरस आहेत’ असे तो म्हणाला. अशा नोंदी ठणठणीत संगणकातही शेकड्यांनी असतात. मग आज्ञा टाइप करण्याच्या काळ्या खिडकीत त्याने ‘असोक’ (assoc) ही फाइलींच्या प्रकारांची यादी दाखवणारी आज्ञा दिली, यादीच्या शेवटी आलेला ८८८ ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक मला वहीत उतरवून घ्यायला सांगितला आणि तोच क्रमांक स्वतः फोनवर अक्षरन् अक्षर वाचून दाखवला. ‘हा तुमच्या संगणकाचा परवाना क्रमांक आहे, तो फक्त कंपनीकडे असतो,’ असे तो म्हणाला आणि माझी शंका मिटली. प्रत्यक्षात हा क्रमांक विंडोजच्या प्रत्येक संगणकात एकच असतो. हे सर्वसामान्य वापरणाऱ्याला ठाऊक असण्याचे काहीच कारण नाही.

माझा जीव जळतो तो याच्या पुढच्या क्षणासाठी. डिव्हाइस मॅनेजर उघडून त्याने आवाजाच्या उपकरणांच्या यादीतला ‘रियलटेक’ हा मूळ ड्रायव्हर अनइन्स्टॉल केला, ‘स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस’वर क्लिक केले आणि काही सेकंदांत मुलाखतीचा आवाज खणखणीत ऐकू आला. तोपर्यंत त्याने कोणताही ड्रायव्हर डाउनलोड केला नव्हता, एक रुपयाही मागितला नव्हता. काम झाले होते. फोन ठेवण्याची, इंटरनेट बंद करण्याची वेळ हीच होती. पण यादीत रियलटेकच्या जागी ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ असे नाव आले होते. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, ‘मॅडम, हा तात्पुरता ड्रायव्हर आहे, रीस्टार्ट केला की जाईल.’ डोळ्यांसमोर नाव खरोखरच बदललेले असताना आणि काम त्याच रात्री द्यायचे असताना मी विश्वास ठेवला, यात मूर्खपणा होता असे मी मानत नाही. प्रत्यक्षात ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ हा विंडोजमधलाच मायक्रोसॉफ्टचा ड्रायव्हर असतो आणि रीस्टार्ट केल्याने कुठेही जात नाही. मूळ ड्रायव्हरही लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकला की फुकट मिळतो. ड्रायव्हरसाठी पैसे मागणारा माणूस चोर समजावा.

‘मूळ ड्रायव्हर’चे १,४९९ रुपये यूपीआयने गेले. दोन वर्षांच्या संरक्षणाचे ७,९९९ गेले. घेणाऱ्याच्या जागी कंपनीचे नव्हे, एका व्यक्तीचे नाव दिसत होते. ते विचारताच ‘लेखा विभागाचे खाते आहे’ असे उत्तर आले. त्यानंतर ७,९९९ मध्ये ड्रायव्हर धरलेलाच आहे, तेव्हा १,४९९ परत करतो, असे म्हणून त्याने एक अर्ज उघडला, त्यात कार्डाचा तपशील भरायला लावला आणि ओटीपी टाकायला सांगितला. मोबाइलवर वरच्या पट्टीत संदेशातले सहा आकडे तेवढे दिसले, रक्कम खाली दडलेली होती. ४८,७०० रुपये गेले. पैसे परत येण्यासाठी ओटीपी लागत नाही. ओटीपीचा संदेश पूर्ण उघडूनच वाचा.

लॅपटॉपचे इंटरनेट तोडले, १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक मिळाला. हे लगेच करावे, कारण पैसे पुढच्या खात्यातून हलण्याआधीच गोठवता येतात. पण कार्ड बंद करण्यासाठी बँकेला फोन लावला, तर आधी कर्जाच्या योजना ऐकाव्या लागल्या. शाखेत गेल्यावर ग्राहक सेवेला फोन करा, ग्राहक सेवेला फोन केल्यावर शाखेत जा. शेवटी एका ओळीचे उत्तर आले, की ओटीपी ग्राहकाने दिला असल्याने बँक जबाबदार नाही. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक मला दाखवले गेले ते केवळ ग्राहकाच्या निष्काळजीपणाच्या कलमापुरते. अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, हे त्याच परिपत्रकातले वाक्य मी वाचून दाखवले, तेव्हा ‘ते वरचे लोक बघतील’ असे सांगण्यात आले. किराणा आणि वीजबिलापलीकडे न वापरलेल्या कार्डावरून अनोळखी विक्रेत्याला ४८,७०० रुपये जाताना बँकेच्या कोणत्याही यंत्रणेला जाग आली नाही, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

पोलिस ठाण्यात त्याहून वाईट वागणूक मिळाली. ‘पैसे तुम्हीच पाठवलेत ना, मग गुन्हा कसला?’ हा पहिला प्रश्न. मग खाते उताऱ्यावर शाखेचा शिक्का नाही, मग हद्द आमची नाही, मग तपास निरीक्षकच करतात आणि साहेब बंदोबस्ताला गेले आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार तपास निरीक्षकाने करायचा हे खरे. पण त्यामुळे तक्रार घ्यायला कोणी अडवत नाही. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणे हा कलम ६६ड खालचा दखलपात्र गुन्हा आहे आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार त्याची माहिती हद्दीचा विचार न करता नोंदवून घ्यावी लागते. ही कलमे मला, एका टंकलेखिकेला, ठाण्यातल्या बाकावर बसून सांगावी लागली. तक्रार लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा फेटाळले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. मी ती केली आहे.

आता ‘सायबर विभागातून बोलतोय, तुमचे ५८,१९८ गोठवले आहेत, सोडवण्यासाठी २,१०० रुपये शुल्क भरा’ असे फोन येऊ लागले आहेत. रक्कम अचूक सांगतात, कारण लुबाडणाऱ्यांकडे ती असतेच. गोठवलेली रक्कम सोडवण्यासाठी पोलिस असे शुल्क घेत नाहीत. असे फोन आलेले क्रमांकही मी तक्रारीला जोडले आहेत, आणि तुम्हाला आले तर तुम्हीही जोडा.