आगीचं कपाट, पुराचं गाव

पाचपैकी साडेतीन तारे. नुसते कागद ठेवणार असाल तर साडेचार द्या, हार्डडिस्क ठेवणार असाल तर एकही देऊ नका.

वस्तू म्हणजे चार कप्प्यांचं अग्निरोधक फाइलिंग कपाट. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे विक्रेत्याबद्दल थोडं कडू बोलायचं आहे. शिवाय या जातीच्या बहुतेक कपाटांचे गुणदोष सारखेच असतात. मी सांगलीतल्या एका छोट्या पतसंस्थेची व्यवस्थापक आहे. ऑफिस गावभागाच्या कडेला, तळमजल्यावर. सांगलीकरांना एवढ्यावरूनच पुढचं कळेल. बाकीच्यांसाठी सांगते: आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोक्याची 45. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं.

मग पुराच्या गावात आगीचं कपाट कशाला, हा प्रश्न आमच्या संचालक मंडळाच्या सभेतही आला. चेअरमन आबांनी तर सरळच विचारलं, "मॅडम, आपल्याला बुडायची भीती, आणि तुम्ही जळण्याचा विमा काढताय?" उत्तर असं की आमच्या इमारतीतलं वायरिंग जुनं आहे, शेजारी कापडाचं गोडाऊन आहे आणि पुराचं पाणी ओसरल्यावर ओल्या वायरिंगमध्ये वीज चालू केली की शॉर्टसर्किट होतं. दोन्ही संकटं एकाच आठवड्यात येऊ शकतात. शिवाय 21 जून 2012 ला मंत्रालयाला लागलेली आग सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली होती. चौथ्या मजल्यापासून वरचे मजले पेटले आणि खात्याखात्यांच्या फायली गेल्या. राज्य सरकारच्या फायलींची ती गत, तर आमच्या गोदरेजच्या हिरव्या कपाटाचा काय पाड! साधं पत्र्याचं कपाट आगीत भट्टीच होतं. बाहेरून शाबूत दिसतं, आत कोळसा.

हे कपाट वेगळं का, ते आधी नीट समजून घेतलं. दोन पत्र्यांच्या मधे जाड भराव असतो आणि त्या भरावात पाणी बांधलेलं असतं. तापलं की ते वाफ होतं आणि वाफ होताना उष्णता खातं. म्हणून आत तापमान चढायला वेळ लागतो. अमेरिकेच्या यूएल 72 या मानकात कागदासाठीचा वर्ग 350 म्हणतात. तो आकडा फॅरनहाइटचा, म्हणजे आपले 177 अंश सेल्सिअस. तासाभराच्या चाचणीत भट्टी 927 अंशांपर्यंत नेतात, तरी आतलं तापमान 177 च्या वर जाता कामा नये. भट्टी बंद केल्यावरही कपाट आतच थंड होऊ देतात, कारण बाहेरची आग विझली तरी भिंतींतली उष्णता बराच वेळ आत सरकत राहते. वेगळी पडण्याची चाचणीही असते: तापवलेलं कपाट सुमारे 9 मीटर उंचीवरून ढिगाऱ्यावर टाकतात आणि पुन्हा तापवतात. आगीत मजला कोसळला तर काय, याचं ते उत्तर. ही चाचणी प्रत्येक मॉडेलची झालेली नसते, विचारावं लागतं.

आता विक्रेता. शोरूममधला मुलगा गोड बोलणारा. कपाट उघडून दाखवलं, एका वेळी एकच कप्पा उघडतो हे दाखवलं (चांगली सोय आहे, नाहीतर भरलेले दोन कप्पे ओढले की कपाट पुढे येतं). आणि मग म्हणाला, "मॅडम, पेनड्राइव्ह, हार्डडिस्क, सगळं टाका यात. एक तास काही होत नाही." मी आतल्या दारावरची पाटी वाचली. पाटीवर फक्त कागद लिहिलेलं होतं. कागद 177 अंशांना पिवळा पडेल, पण वाचता येईल. डिस्कचं तसं नाही. संगणकाच्या साठवणीसाठी त्याच मानकात 125 चा वर्ग आहे. तिथे आतलं तापमान 52 अंशांच्या आणि आर्द्रता 80 टक्क्यांच्या आत राहावी लागते. आणि आपल्या कपाटाचा तर सगळा भरवसा वाफेवर! म्हणजे आगीत सभासद रजिस्टर दमट होऊन वाचेल आणि शेजारची बॅकअप डिस्क मरेल. डिस्कसाठी आत बसणारी वेगळी डेटा पेटी मिळते. ती घेणार असाल तर तिचीही पाटी वाचा. मुलाला हे दाखवलं, तर म्हणाला, "असं आत्तापर्यंत कुणी विचारलं नव्हतं." पाचमधला पहिला अर्धा तारा इथे कापला गेला.

दुसरी कुरकुर वजनाची. रिकामं कपाट सव्वातीनशे किलोच्या आसपास. आणि सांगलीत कागद वाचवायचे तर ते वरच गेले पाहिजेत. आम्ही त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावरची खोली भाड्यानं घेतली. कोटेशनमध्ये "डिलिव्हरी मोफत" होतं. प्रत्यक्षात टेम्पो दारात आला, कपाट फुटपाथवर उतरलं आणि ड्रायव्हर म्हणाला, "ग्राउंड फ्लोअरपर्यंतच." आमचे शिपाई तुकामामा जिन्याकडे बघून म्हणाले, "ह्ये वर जायचं म्हंजे जिनाच खाली यायचा." शेवटी मार्केट यार्डातले हमाल आणि एक चेनब्लॉकवाला बोलावला. तो खर्च आमचा.

बरं, वर नेलं की काम संपलं असंही नाही. राहत्या घरांचा स्लॅब आपल्या मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून काढतात आणि ती खोली मुळात राहण्याचीच होती. कपाटाचा पाया अर्ध्या चौरस मीटरपेक्षाही लहान, त्यात कागद भरल्यावर वजन आणखी वाढतं. एवढा भार एका ठिकाणी पडला तर काय होईल, हा प्रश्न विक्रेत्यानं नाही, आमच्या ऑडिटरनं विचारला, म्हणजे बघा! इंजिनिअर आणला. त्यानं खोलीच्या मध्यावरची जागा बाद केली, खाली बीम कुठून जातो ते पाहिलं आणि दोन लोखंडी चॅनेल टाकून भिंतीलगत, बीमवर कपाट बसवून घेतलं. त्याची फी दिली आणि निर्धास्त झाले. तुम्ही वरच्या मजल्यावर नेणार असाल तर कपाटाच्या आधी इंजिनिअर गाठा.

पाण्याबद्दल स्पष्टच लिहिते. हे कपाट पाण्यात टिकत नाही आणि टिकेल असा दावाही पाटीवर नाही. दाराच्या खाचा उष्णता अडवण्यासाठी असतात, पाणी अडवण्यासाठी नव्हे. बाजारात काही लहान पेट्या आग आणि पाणी दोन्हींचा दाखला घेऊन येतात, पण किती पाण्यात आणि किती तास ते बारीक अक्षरात बघा. आमच्याकडे पाणी शिरलं की तासांत मोजायची सोय नसते.

2019 ला कागदांचं काय झालं ते सांगते, म्हणजे वरच्या मजल्याचा आग्रह कळेल. शाईपेनानं लिहिलेल्या जुन्या खतावण्यांची पानं निळसर कोरी झाली. बॉलपेनची अक्षरं राहिली. झेरॉक्स उत्तम राहिल्या, कारण टोनर पाण्यात विरघळत नाही. रबरी शिक्के पसरले. गुळगुळीत कागदावर छापलेले वार्षिक अहवाल एकमेकांना असे चिकटले की वीट झाली, ते सुटलेच नाहीत. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, तेवढ्या वेळात कागद वाळवायचे किंवा गोठवायचे असतात. गोठवले की बुरशी थांबते आणि सवडीनं एकेक गठ्ठा काढता येतो. आमच्या जिल्ह्यात कोल्ड स्टोरेजला तोटा नाही, पण ती बेदाण्याची, ती गार ठेवतात, गोठवत नाहीत. मग गच्चीवरच्या शेडमध्ये दोऱ्या बांधून, पानांमध्ये कोरा कागद घालून, पंखे लावून वाळवलं. उन्हात टाकायचं नसतं, कागद वेडावाकडा होतो आणि शाई उडते.

त्यानंतर कपाटात काय ठेवायचं यावर आमच्याकडे बराच वाद झाला, आणि मला वाटतं कपाटापेक्षा तो वाद जास्त कामाचा होता. सगळ्यांना सगळंच महत्त्वाचं वाटतं. मी एकच कसोटी लावली: हा कागद गेला तर दुसऱ्या कुणाकडून मिळेल का? सातबारा मिळतो, डिजिटल सहीचा, घरबसल्या. सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा, दुय्यम निबंधकाकडून मिळतो. लेखापरीक्षण अहवालाची प्रत उपनिबंधक कार्यालयात असते. हे सगळं बाहेरच्या साध्या कपाटात. आत गेलं ते असं: ‘आय’ नमुन्यातलं सभासद रजिस्टर, कारण ‘जे’ नमुन्यातली सभासदांची यादी त्यावरून पुन्हा बनते पण उलटं होत नाही. संचालक मंडळाची आणि सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं. कर्जदारांच्या मूळ वचनचिठ्ठ्या आणि जामीनकत्बे, कारण सहकार कायद्याच्या कलम 101 खाली थकबाकी वसुलीचा दाखला मागायला गेलो की पहिल्यांदा तेच मागतात. वारसनोंदीचे मूळ अर्ज. एवढ्यात तीन कप्पे भरले. चौथा मोकळा ठेवला होता, त्यात हल्ली आबांना दिवाळीच्या भेटवस्तू ठेवायच्या असतात. दर वर्षी नाही म्हणते.

स्कॅनिंग स्वतःच केलं. शिवलेली रजिस्टरं कागद ओढणाऱ्या स्कॅनरमध्ये जात नाहीत, वरून फोटो काढणारा ओव्हरहेड स्कॅनर घेतला. 300 डीपीआय पुरतं. प्रती दोन एक्स्टर्नल डिस्कवर. एक सांगलीत, एक आमच्या जत शाखेत, आणि तिमाहीला अदलाबदल. जतला टँकर लागतो, होडी लागत नाही, म्हणून जत. शिवाय एक प्रत क्लाउडवर. डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवत नाही, खंडणीचा व्हायरस आला तर तो जोडलेल्या डिस्कवरचंही सगळं कुलूपबंद करतो. जुलै 2024 च्या शेवटी लहान बँकांना संगणक यंत्रणा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर असाच हल्ला झाला, तेव्हा देशातल्या सुमारे 300 लहान बँकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार काही काळ अडकले होते. सहकारातल्या माणसाला तो आठवडा सांगावा लागत नाही. डिस्क बदलताना त्यातली काही पानं दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडून बघतो. न उघडलेला बॅकअप मी हिशेबात धरत नाही.

वापरात कपाट कसं आहे? कप्पे भरलेले असूनही हलके सरकतात, हे मान्य केलं पाहिजे. कुलूप चांगलं. रंग अजून तसाच. पण पावसाळ्यात आत कुबट वास येतो. हवा खेळत नाही आणि भरावात मुळातच ओल असते. सिलिका जेलच्या पिशव्या ठेवल्यात, निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर भाजून पुन्हा वापरतो. माहितीपत्रकात याचा शब्द नाही, विक्रेत्यानंही सांगितलं नाही. आणखी अर्धा तारा गेला. उरलेला अर्धा जिन्याचा.

आग लागलीच तर एक गोष्ट सगळ्या स्टाफला पाठ करून ठेवली आहे: विझल्यावर कपाट लगेच उघडायचं नाही. आत कागद तापलेला असतो, दार उघडून हवा लागली की तिथेच पेट घेऊ शकतो. पूर्ण गार होऊ द्यायचं, लागला तर दुसरा दिवस घ्यायचा. अग्निशमन दलाचे जवान घाईत कटर लावायला निघाले तरी त्यांना थांबवायचं, हे तुकामामांनी स्वतःवर घेतलंय.

किंमत जीएसटी धरून लाखाच्या वर गेली, त्यावर हमाली, चेनब्लॉक, चॅनेल आणि इंजिनिअर. ज्यांचं ऑफिस पहिल्याच मजल्यावर आहे आणि ज्यांच्याकडे मूळ दस्तऐवज आहेत, त्यांनी जरूर घ्या: पतसंस्था, सोसायट्या, वकील, ट्रस्ट. ज्यांचं सगळं तळमजल्यावर आहे आणि नदी जवळ आहे, त्यांनी त्या पैशात आधी वरची खोली आणि स्कॅनर घ्यावा, कपाट पुढच्या वर्षी. ऑर्डर देताना आतल्या पाटीचा फोटो कोटेशनला जोडायला सांगा आणि "अमुक मजल्यावर, जिन्यानं, बसवून" असं लिहून घ्या. किल्ल्या दोन येतात. दुसरी त्याच ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. आमची जतला, डिस्कबरोबर आहे.