गाडी नाही, बजेट बेताचं: बेळगावहून फोटोसाठी आंबोली, दांडेली की धुपदाळ?

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत राहणाऱ्याकडे कॅमेरा आहे, गाडी नाही आणि हातात दोन दिवसांची सुट्टी आहे, की पहिलं नाव निघतं दांडेलीचं. वाघ, काळा बिबट्या, जीप सफारी. पण बस जंगलाच्या गेटपर्यंत क्वचितच नेते. खिसा रिकामा होतो तो स्टँडपासून पुढच्या दहा-बारा किलोमीटरमध्ये, आणि सकाळचा उजेडही तिथंच हातचा जातो. म्हणून जंगलाच्या नावावर जाऊ नका. बसमधून किंवा रेल्वेतून उतरल्यावर किती चालायचं आहे आणि आपल्याकडे लेन्स कोणती आहे, हे आधी बघा.

फक्त १८-५५ असेल तर: आंबोली

कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स एवढंच भांडवल असेल तर फार विचार करू नका. जून ते सप्टेंबर, आंबोली. बेळगाव-सावंतवाडी बस शिनोळीवरून पुढे जाऊन थेट गावात उतरवते. मुक्कामाची खोली, खाणावळ आणि रात्री हिंडायची जागा, सगळं चालण्याच्या अंतरात. सफारीचं तिकीट नाही, जीप नाही. पैसे खर्च करायचेच तर स्थानिक वाटाड्यावर करा. बेडूक कुठल्या ओढ्यावर ओरडतोय हे त्याला कानावरून कळतं.

पावसाच्या सुरुवातीला सड्यावरच्या उथळ डबक्यांत आंबोली टोड दिसतो. त्याला शास्त्रीय नाव मिळालं ते २००९ साली. पुढे मलबारी उडता बेडूक, आणि हरणटोळ, मलबारी चापडा हे साप. हे बहुतेक काम रात्रीचं, त्यामुळे उजेड आपणच न्यायचा असतो.

१८-५५ला एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारी पोकळ नळी) लावली की मॅक्रोचं, म्हणजे अगदी जवळून टिपायचं, काम भागतं. साधारण ३२ मिमीची ट्यूब आणि लेन्स ५५ला ठेवली तर विषय सेन्सरवर खऱ्या आकाराच्या निम्म्याहून मोठा येतो. मात्र स्वस्तात मिळणारी बिनसंपर्काची ट्यूब घेऊ नका. कॅमेरा आणि लेन्सचा विजेचा दुवा तुटतो आणि लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) हवं तसं लहान-मोठं करता येत नाही. धातूचे संपर्क असलेलीच ट्यूब घ्या. सुरुवात छिद्र एफ ११, शटर १/१६० सेकंद, आयएसओ ४०० अशी करा. कॅमेऱ्यावरचा उघडणारा फ्लॅश वापरलात तर लेन्सचीच सावली बेडकावर पडते. वेगळा फ्लॅश हवा, पुढे पांढऱ्या फोम शीटचा तुकडा.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ट्यूब लावली की विषयापासून काही सेंटीमीटरवर जावं लागतं. बेडकाला चालतं, चापड्याला नाही. तो विषारी आहे. साप दिसला की ट्यूब काढा आणि मीटरभर लांबून, आजूबाजूच्या फांदीसकट फोटो घ्या. तसेही ते फोटो जास्त चांगले येतात. बेडूक हातात धरून पानावर ‘बसवायचा’ नाही, त्याची कातडी नाजूक असते.

शनिवार-रविवारच्या धबधब्याच्या गर्दीला घाबरून आंबोली टाळू नका. धबधबा गावाच्या पुढे, सावंतवाडीच्या बाजूला घाटात आहे, बेळगावकर त्याच्या अलीकडेच उतरतो. त्रास होतो तो परतताना: सावंतवाडीहून येणारी बस त्या कोंडीत अडकते आणि आपण स्टॉपवर भिजत उभे. सोमवार-मंगळवार जमले तर उत्तम. गमबूट, जळवांसाठी लांब मोजे आणि कॅमेऱ्याच्या पिशवीत सिलिका जेलच्या चार-सहा पुड्या हव्यातच. ओली लेन्स तशीच बंद पिशवीत राहिली तर आत बुरशी धरते, आणि ती साफ करायचा खर्च अख्ख्या सहलीपेक्षा जास्त.

७०-३००ची लांब पल्ल्याची लेन्स असेल तर: दांडेली, पण सफारीसाठी नव्हे

काळी व्याघ्र प्रकल्प २००७ साली दांडेली-अणशी या नावाने सुरू झाला आणि २०१५ साली त्याला नदीचं नाव मिळालं. जंगल दाट आहे. रस्त्यापासून वीस पावलांवर गवा उभा असला तरी फांद्यांमधून त्याचं निम्मं अंगच दिसतं. सफारी कुळगीच्या बाजूने निघते आणि कुळगी दांडेलीपासून दहा-बारा किलोमीटर. एकट्याने गेलात तर जीप भरायची वाट बघायची किंवा रिकाम्या जागांचे पैसे आपण द्यायचे. एवढं करून हाती शेकरू आणि चितळ लागले तरी नशीब चांगलं म्हणायचं. कमी बजेटमध्ये हा सौदा आम्हाला पटत नाही.

दांडेलीचा खरा माल म्हणजे धनेश पक्षी. मलबारी कवड्या धनेश आणि महाधनेश दोन्ही इथे आहेत, आणि ते बघायला जंगलात शिरावं लागत नाही. गावातल्या लाकडाच्या डेपोच्या परिसरात ते पहाटे आणि संध्याकाळी येतात. आत जायचं तर वनखात्याची परवानगी घ्या. फळाला आलेलं वडा-उंबराचं झाड सापडलं की तिथंच बसा, पक्षी दिवसातून पुन्हा पुन्हा येतात. उडता धनेश टिपायला शटर १/१६००च्या खाली उतरवू नका. फेब्रुवारी ते एप्रिल ढोलीत मादी कोंडलेली असते. ढोलीजवळ ठाण मांडलं तर नर चारा घेऊन येत नाही, म्हणून तो मोह नको.

दुसरा दिवस गणेशगुडीला. जोयड्याकडे जाणारी बस तिथून जाते. तिथल्या ओल्ड मॅगझिन हाऊसमध्ये पक्ष्यांसाठी पाण्याच्या कुंड्या आणि समोर आडोसा आहे. बाहेरून येणाऱ्याला शुल्क भरून बसता येतं का, हे आधी फोन करून विचारा. मार्च ते मे, रानातलं पाणी आटलं की शामा, स्वर्गीय नर्तक, निळ्या टोपीचा कस्तूर काही पावलांवर उतरतात, ३०० मिमी पुरून उरते. उजेड मात्र कमी: आयएसओ ३२००, १/२५० धरून चला.

कर्नाटकाच्या पत्त्याचं ओळखपत्र असलेल्या महिलांना शक्ती योजनेमुळे राज्यातल्या साध्या बसचं तिकीट लागत नाही, म्हणजे दांडेलीचा प्रवास फुकटच. आंबोलीला ही सवलत चालत नाही. तिथे एसटीचं अर्धं तिकीट, तेही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं.

हिवाळ्यात रेल्वेने: धुपदाळ

घटप्रभा स्टेशन बेळगाव-मिरज मार्गावर आहे आणि धुपदाळचा बंधारा तिथून जवळ. प्रवास स्वस्त, पण लेन्स सगळ्यात लांब लागते. कांड्या करकोचे येतात नोव्हेंबरनंतर, सकाळी शेतांत चरतात आणि ऊन चढल्यावर पाण्याकडे परततात. तेही लांबच बसतात. ३०० मिमीत ठिपके येतील. त्यापेक्षा थव्याचा, पाण्याचा, पलीकडच्या शेतांचा रुंद फोटो घ्या, किंवा बंधाऱ्याजवळ हवेत थबकून सूर मारणाऱ्या कवड्या खंड्यामागे लागा. दहानंतर पाण्यावरची गरम हवा थरथरते आणि कितीही महाग लेन्स असली तरी चित्र मऊ येतं. म्हणून आदल्या रात्री घटप्रभा किंवा गोकाकला मुक्काम करा. सकाळच्या गाडीने बेळगावहून निघालात तर चांगला उजेड डब्यातच जाईल.

भीमगड?

खानापूरकर हमखास विचारतात. अभयारण्य २०११चं, अंतर सगळ्यात कमी, आणि तरी गाडीशिवाय सगळ्यात अवघड. आतल्या गावांच्या बस मोजक्या. वस्तीची गाडी अंधार पडताना पोचते आणि पहाटे निघते, म्हणजे फोटोचा वेळ सोडून बाकी सगळा प्रवास. वाटेत अस्वलं आहेत, अंधारात पायी निघू नका. बारापेडे गुहेतलं दुर्मीळ वटवाघूळ तर हौशी फोटोसाठी नाहीच, फ्लॅशने वसाहत विस्कटते. चार-पाच जण जमले आणि हेम्मडग्याच्या कॅम्पचं बुकिंग मिळालं तर खानापुरातून गाडी ठरवून जा.

कुठेही गेलात तरी उतरताना कंडक्टरलाच परतीची शेवटची गाडी विचारून घ्या, आणि ती चुकली तर वडाप किती वाजेपर्यंत मिळतं, हेही.